चुंबक चिकटला म्हणून अशनी होत नाही: या चुका टाळा

पावसाळा सरला की माण-खटावकडून, कधी जतहून मला व्हॉट्सॲपवर दगडांचे फोटो येतात. "सर, काळा आहे, जड आहे, चुंबक चिकटतोय. आकाशातलाच ना?" आजवर एकही तसा, म्हणजे अशनी, निघालेला नाही.

चुंबकावर भरवसा ठेवणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. सातारा-सांगली बसलेत बेसॉल्टवर. त्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, चुंबक ओढला जाणारच. महाबळेश्वराच्या अंगाला धावड लोक पूर्वी लोखंड गाळायचे. त्या भट्ट्यांचा कीटही काळा, जड आणि बुडबुड्यांच्या भोकांचा. भोकं दिसली की सहसा आशा सोडावी. ताज्या अशनीवर जेमतेम मिलिमीटरभर वितळलेली साल असते, कधी अंगठ्यानं दाबल्यासारखे उथळ खळगे.

उलटंही होतं. 17 ऑगस्ट 2022 रोजी गुजरातेत दियोदरजवळ पडलेला अशनी ऑब्राइट जातीचा निघाला. भारतात याआधी ही जात पडली होती 1852 साली, उत्तर प्रदेशातल्या बस्तीला. दियोदरचा एक तुकडा कडुनिंबाच्या फांदीवर आपटून फुटला, दुसऱ्यानं एका घराच्या ओसरीची फरशी फोडली. ऑब्राइटात लोखंड नावापुरतं, रंगही फिका. आपला चुंबकवाला गडी त्याला हात न लावताच पुढं गेला असता!

सापडल्यावर धुऊ नका. साबण, तेल, हळदकुंकू, काहीच नको. 2017 साली जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला पडलेल्या कार्बनी अशनीत पाणी धरून ठेवणारी चिकणमातीसारखी खनिजं होती. असला दगड नळाखाली धरणं म्हणजे पुरावाच धुणं. स्पीकरमधला जबर चुंबकही दूर ठेवा, दगडातली मूळ चुंबकीय खूण पुसली जाते. जागेवर फोटो काढा, स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, ठिकाण आणि वेळ लिहा.

"पडला तेव्हा गरमागरम होता" हे मात्र मला पटत नाही. शेवटचे काही किलोमीटर तो थंड हवेतून साध्या दगडासारखा खाली येतो.

पडताना पाहिला असेल तर उशीर नको. अंतराळातल्या किरणांमुळे दगडात तयार होणाऱ्या किरणोत्सारी सोडियम-24 चं अर्धायुष्य 15 तासांचं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं होतं. चार दिवस कपाटात ठेवला की ते मोजायला फारसं उरतच नाही.

आणि घरातच जपला तर अशनीचं वर्गीकरणही नाही, त्याला गावाचं नावही मिळत नाही. त्यासाठी 20 ग्रॅम किंवा 20 टक्के, यातलं जे कमी असेल तेवढा नमुना मान्य संस्थेत ठेवावा लागतो. किलोभराचा दगड असला तरी 20 ग्रॅमच.