मरणावर डान्स फिल्म, ती पण हसवणारी: कोल्हापुरात कशी करायची

कन्टेम्पररी डान्सची शॉर्ट फिल्म करायचीय, विषय मरण, आणि लोक हसले पण पाहिजेत, असं डोक्यात असेल तर भावांनो पहिलं ठरवा हसायचं कुणावर. मेलेल्या माणसावर हसलात की विषय संपला. हसू येतं ते मागं राहिलेल्यांच्या गडबडीचं, तिरडी बांधताना सुतळी कमी पडली म्हणून दोन काका एकमेकांवर खेकसतायत, हार कुणी आणायचा यावरनं फोनाफोनी, आणि सगळ्या गाठी माहिती असणारा एक जाणकार तर प्रत्येक गल्लीत असतोच. त्याचे हात बघा, डान्स तिथनंच निघतो.

स्टोरी लांबवू नका, एकच विधी घ्या. मला विचाराल तर दहाव्याचा कावळा. पिंड ठेवलाय, कावळा झाडावर बसून बघतोय, खाली काय येईना, मग एकेक जण पुढं होऊन कबूल करतो, पोरीचं लग्न लावतो, भावाला वाटणी देतो. डायलॉग एकपण नको, पुढं जाणं, वाकणं, हात जोडणं, मागं सरकणं एवढीच हालचाल, तीच रिपीट करायची आणि दरवेळी जरा फास्ट. शेवटचा गडी नुसती वाटी तोंडाला लावून रस्सा ओरपायची ॲक्शन करतो, तरी कावळा ढिम्म! मग दर्भाचा कावळा करून शिवायचा, ते पण आपल्याकडं चालतंच की. डान्सरला मात्र सक्त सांगायचं, चेहरा सुतकीच ठेव, त्यानं कॉमेडी करायला घेतली की सगळं मुसळ केरात.

सगळ्यात अवघड रोल मेलेल्याचा. नवखा पोरगा उचलताना नकळत अंग आवळतो, मान सावरतो, आणि कॅमेऱ्यात ते लगेच दिसतं. वजन सोडायला शिकायचं तर कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन बघा, 1972 मध्ये अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टननं सुरू केलेला प्रकार, त्यात सगळा खेळ एकमेकांच्या वजनाचाच. पण पडायची प्रॅक्टिस फरशीवर नको, कोपरं फुटतील. आपल्याकडं तालमी आहेत, वस्तादांना विचारून तांबड्या मातीत करा (मुली टीममध्ये असतील तर आधीच बोलून घ्या, काही ठिकाणी अजून जुने नियम हायत), आणि जमलं तर एखाद्या पैलवानालाच मढं करा, चौघा सडपातळ डान्सरनी त्याला उचलायला जाणं यातच अर्धी फिल्म हाय. श्वास घेताना पोट हलणारच, त्यामुळं वरचं पांढरं कापड सैल आणि चुण्यांचं ठेवायचं.

कॅमेरा स्टेजसमोर लावून नाच शूट करू नका. अमेरिकेतली फिल्ममेकर माया डेरेननं 1945 सालीच दाखवलंय, पाय जंगलात उचलला आणि टेकला तो घरात. तुम्ही पाऊल पंचगंगा घाटावर उचला आणि मिसळीच्या हॉटेलात टेकवा, फक्त पाय तोच, उंची तीच, दिशा तीच पाहिजे, नाहीतर कट खटकतो. सेकंदाला 25 फ्रेम घेत असाल तर शटर 1/50 सेकंद ठेवा, आपली लाईट 50 हर्ट्झची असल्यानं ट्यूबलाईट फडफडत नाही.

शूट खऱ्या स्मशानात नको म्हणजे नकोच. महापालिका तिथं अंत्यसंस्कार मोफत करते, लोक होळीला शेणी दान करतात, कुणाचं ना कुणाचं चाललेलंच असतं, त्यांच्या दुःखात तुमचा ट्रायपॉड कशाला. घाटावर पहाटे करा, रीतसर परवानगी काढून, आणि पावसाळ्यात ठरवू नका, पूर आला की घाटच पाण्याखाली. तिरडी नेताना टेंपोत झाकून न्या, नाहीतर सिग्नलला लोक हात जोडतात आणि पोरांना हसू आवरत नाही.

म्युझिकला हलगी, दुसरं काय! कुस्तीला तीच, मिरवणुकीला तीच, काही घरात शेवटच्या वाटेवर पण तीच. वाजवणाऱ्याला आधी जाळावर शेकू द्या, कातडं तापल्याशिवाय आवाज चढत नाही, आणि ते शेकणं पण रेकॉर्ड करा, एडिटिंगला लै कामाला येतं.

पहिल्यांदा दाखवताना घरात नुकतं काही झालेल्यांना बोलवू नका, पण सत्तरीपुढच्या दोन-तीन आज्या बोलवाच. तिरडीची गाठ चुकली असंल तर त्याच सांगतील, आणि कावळ्याच्या सीनला पहिल्या त्याच हसतील.