गंधकाचं पॉलिमर करायचा प्रोजेक्ट घेताय? मग हे आधी वाचा

मी वरूडकडचा, घरी संत्र्याची बाग, त्यामुळं गंधक म्हणजे फवारायचं औषध एवढंच माहीत. एमएस्सीला वितळलेल्या गंधकात जवसाचं तेल मिसळून पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, करायचा प्रोजेक्ट भेटला तेव्हा वाटलं, तापवायचं अन् ढवळायचं, झालं. तसं नाही ना बापा.

आधी टेम्परेचर डोक्यात पक्कं बसवा. 119 डिग्रीच्या आसपास गंधक वितळतो, पिवळा अन् पातळ. 159 च्या पुढं आठ-आठ अणूंच्या रिंगा तुटून लांब साखळ्या होतात, रंग लालसर तपकिरी होतो, अन् 187 च्या जवळ तो इतका घट्ट होतो की चमचा फिरत नाही. नुसता गंधक असला तर ह्या साखळ्या टिकत नाहीत, थंड झाल्यावर काही दिवसांत परत रिंगा, परत ठिसूळ. म्हणून साखळीची टोकं पकडायला डबल बाँडवालं, म्हणजे कार्बनचे दुहेरी बंध असलेलं, सेंद्रिय संयुग लागते, जसं जवसाचं तेल. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात जेफ्री प्युन यांच्या ग्रुपनं 2013 मध्ये 185 डिग्रीला डीआयबी (डायआयसोप्रोपेनिलबेंझीन, असंच डबल बाँडवालं संयुग) टाकून हे केलं, नाव पडलं इन्व्हर्स व्हल्कनायझेशन, म्हणजे उलटं व्हल्कनायझेशन, काऊन की गंधक टाकून रबर पक्कं करतात (व्हल्कनायझेशन) तेव्हा त्यात गंधक थोडासा असते अन् इथं निम्म्याहून जास्त.

माझी पहिली बॅच वाया गेली. तेल एकदम ओतलं, बराच वेळ दोन थर वेगळेच, काहीच होईना म्हणून टेम्परेचर वाढवलं, अन् एकाएकी सगळं गोठून स्टरर आतच अडकला. तेल हळूहळू सोडा, ढवळणं थांबवू नका, पहिल्यांदा 10-20 ग्रॅमच घ्या कारण रिॲक्शन स्वतःच गरम होते.

फ्यूम हूडशिवाय, म्हणजे वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय, हात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. गंधक तेलातला हायड्रोजन ओढून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू करते, जास्त झाला की त्याचा वासच येणं बंद होते, मग वाटते सगळं ठीक आहे.

काय टाकलं त्यावर माल ठरते. जवसानं रबरासारखा दबतो. डायसायक्लोपेंटाडाईन नावाच्या डबल बाँडवाल्या हायड्रोकार्बननं कडक होतो, म्हणून गंधकाच्या काँक्रीटमध्ये तेच वापरतात, थंड होताना तडे कमी जातात. अन् लिमोनीन, म्हणजे आपल्या संत्र्याच्या सालीतलं तेल, त्यानं मऊ मेणासारखा लाल पदार्थ होतो जो पाण्यातला पारा धरून ठेवतो, ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठात जस्टिन चॉकर यांनी दाखवलंय. हे वाचलं तेव्हा बागेतल्या गळून सडणाऱ्या संत्र्यांकडं मी वेगळ्याच नजरेनं पाह्यलं.

सॅम्पल चांगलं दिसलं म्हणून लगेच रिपोर्ट लिहू नका. पंधरा दिवस ठेवा, मग परत डीएससी (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) करा, आलेखात 119 च्या आसपास वितळण्याचं टोक (पीक) आलं तर तेवढा गंधक अजून मोकळाच आहे.