जोते, खांब, कूड: माइनक्राफ्टमधले मध्ययुगीन घर शिकताना

ठोकळे, म्हणजे ब्लॉक, रचून बांधकाम करायच्या माइनक्राफ्ट या संगणकीय खेळाच्या एका सामूहिक सर्व्हरवर मी सादर केलेले पहिले घर नापास झाले, तेव्हा परीक्षकाने एकच प्रश्न विचारला होता: या घराचे छप्पर नेमके कशावर उभे आहे? मला उत्तर देता आले नाही. १५ बाय १५ ब्लॉकचा चौकोन, चारही बाजूंना दगडी विटांच्या सपाट भिंती, त्यांत काचेच्या मोठमोठ्या खिडक्या आणि वर एक प्रचंड उतरते छप्पर, असे ते घर होते. या खेळात वाळू आणि खडीसारखे मोजके ब्लॉक सोडले तर बाकीचे हवेतही टिकून राहतात, त्यामुळे भार कोण पेलतो हा प्रश्न खेळणाऱ्याला सहसा पडतच नाही. मध्ययुगीन घर शिकायचे म्हणजे मुख्यतः हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्यायची, हे माझ्या ध्यानात यायला पुढचे दोन महिने लागले.

त्या सर्व्हरवर पंधराव्या शतकातले एक इंग्रजी बाजारगाव उभे राहत होते. नवागताला आधी एक चाचणी प्लॉट मिळतो, त्यावरचे घर मान्य झाले की मगच गावातल्या गल्लीत जागा मिळते. बहुतेक परीक्षक युरोपात असल्याने हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ११ वाजतात तेव्हा इंग्लंडमध्ये संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. शंका विचारायच्या तर त्याच वेळी जागे राहावे लागते. खेळाची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळते का, हे आधी पाहून घ्यावे. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

नापास झाल्यावर मी ब्लॉक बाजूला ठेवून खऱ्या घरांची छायाचित्रे पाहू लागलो. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात मूळ जागेवरून हलवून पुन्हा उभी केलेली जुनी घरे आहेत. त्यांतल्या बेलीफ नावाच्या पंधराव्या शतकातल्या शेतघराचे फोटो मी तासन्‌तास न्याहाळले. खाली दगडाचे बुटके जोते, त्यावर आडवी तुळई, तुळईवर उभे खांब, खांबांवर पुन्हा तुळया आणि मग छपराचे वासे. भिंत मागाहून येते आणि तिच्यावर भार नसतो. उभ्या काठ्यांमध्ये लवचीक फाटे विणून त्यांवर माती, शेण आणि गवताच्या तुसाचा गिलावा दिलेली ती भिंत म्हणजे आपला कूडच. कोकणातल्या आजोळी गोठ्याला कारवीचा कूड होता, त्यामुळे इंग्रजी पारिभाषिक शब्दांशी झटापट करण्यापेक्षा जोते, खांब, तुळई, खण, वळचण हे शब्द मनात धरून बांधणे मला फार सोपे गेले. लाकूड जमिनीला टेकले की ओलीने कुजते, म्हणून जोते हवे, हे एकदा कळले की घराच्या तळाशी दगड का लावायचा हे कोणी सांगावे लागत नाही.

हे खेळात कसे उतरवायचे, ते आता सांगतो. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, त्यामुळे सर्व मापे थोडी ढोबळ होतात. घराची रुंदी विषम ठेवावी, ७ किंवा ९; सम रुंदीवर छपराचे आढे दोन ब्लॉकचे होऊन बोथट दिसते. दर चार ब्लॉकांवर लॉगचा, म्हणजे लाकडी ओंडक्याच्या ब्लॉकचा, एक खांब रोवावा, म्हणजे मध्ये तीन ब्लॉकांचा खण उरतो. खांब भिंतीच्या एक ब्लॉक पुढे असावेत. सपाट भिंतीचा दोष एवढ्यानेच बराचसा जातो, कारण मग सावली पडते. लॉग लावताना त्याच्या रेषा कोणत्या दिशेने जातात हे नीट पाहावे: खांबाच्या उभ्या, तुळईच्या आडव्या. कोपऱ्यावर तुळईच्या रेषा उभ्या झाल्या, की जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

वरचा मजला रस्त्यावर एक ब्लॉक पुढे काढता येतो. यॉर्कच्या शॅम्बल्स गल्लीत असे पुढे आलेले मजले समोरासमोर जवळजवळ भिडतात. मात्र पुढे आलेला मजला खालच्या तुळयांच्या टोकांवर बसलेला दिसला पाहिजे, म्हणून त्याच्याखाली उलटे स्टेअर, म्हणजे पायरीच्या आकाराचे ब्लॉक, लावावेत. प्रत्येक घराला असा मजला असतोच असेही नाही. जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावी १३४६-४७ च्या सुमाराचे एक लाकडी सांगाड्याचे घर आहे, त्याचे खांब तळापासून वळचणीपर्यंत अखंड जातात, त्यामुळे मजला पुढे येण्याचा प्रश्नच नाही. मी चाचणीसाठी दुसरे घर त्याच धर्तीचे बांधले आणि ते बांधताना सर्वांत जास्त शिकलो, कारण सजावटीच्या आड लपायला तिथे जागाच नव्हती.

छपराचे गणित कागदावर करावे. साध्या स्टेअरचे छप्पर ४५ अंशांचे होते. गवती छपराला पाणी निथळण्यासाठी ४५ ते ५० अंशांचा उतार लागतोच, त्यामुळे याहून सपाट जाऊ नये. माझ्या पहिल्या घराची रुंदी १५, दोन्ही बाजूंच्या वळचणी धरून १७, म्हणजे छपराची उंची ९ ब्लॉक. खालची भिंत मात्र ४ ब्लॉकांची. डोक्यावर टोपले घेतलेले मूल दिसावे, तसे ते दिसत होते.

धुराडे हा नवख्यांचा लाडका दागिना, माझाही होता. पण त्या काळच्या साध्या घरात दिवाणखान्याच्या मधोमध उघडी चूल असे आणि धूर छपरातून वाट काढी. सामान्य इंग्रजी घरांत धुराडी सोळाव्या शतकात रूढ होत गेली. आढ्याजवळ एक लहान झरोका आणि खाली कॅम्पफायर, एवढे पुरते. काचही महाग होती, म्हणून खिडकीला लाकडी गज आणि ट्रॅपडोअरची झडप लावावी. काळे लाकूड आणि पांढरीशुभ्र भिंत ही जोडीसुद्धा बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या रंगकामाची देणगी आहे. मी आता स्प्रूसचे किंवा सोललेल्या ओकचे लॉग आणि किंचित मळकट भिंत वापरतो.

गल्लीतले काम वेगळे असते. प्लॉट अरुंद आणि खोल असतात, शेजारच्याची भिंत आपल्याला लागून असते, आणि विचारल्याशिवाय तिचा एक ब्लॉकही हलवायचा नसतो. बांधलेला भाग जसाच्या तसा उचलून दुसरीकडे चिकटवू देणारे वर्ल्डएडिट हे साधन हाताशी आले, तेव्हा मी माझे मान्य झालेले घर ओळीने चार वेळा चिकटवले. दुसऱ्या दिवशी चारही पुसलेली होती. मला राग आला, पण त्या गल्लीत उतार होता आणि चारही जोती एकाच उंचीवर तरंगत होती, हे नाकारता येण्यासारखे नव्हते.

गल्लीतले माझे पहिले घर मान्य झाले, तेव्हा परीक्षकाने छपराबद्दल काही विचारले नाही. फक्त वरच्या मजल्यावरची झडप उघडली की शेजारच्या खांबावर आपटते, एवढे कळवले. मी ती खिडकी एका खणाने डावीकडे सरकवली.