स्वातंत्र्याचा विचार गावात पोचवायचाय? मग कांद्यापासून सुरुवात करा

व्यक्तिस्वातंत्र्यावर मराठीत लिहिणारे बरेच जण पहिल्याच ओळीत युरोपातले तत्त्वज्ञ आणतात, मग उदारमतवादाची व्याख्या, आणि चांदवड नाहीतर निफाडचा वाचक दुसऱ्या पॅराच्या आतच फोन बाजूला ठेवतो. त्याला विचार झेपत नाही असं अजिबात नाही, त्याची रोजची अडवणूक त्यात कुठे दिसतच नाही.

म्हणून लिहायच्या आधी एवढंच शोधा की आपल्या वाचकाला कोण अडवतंय, आणि कशापासून. कांदावाला असेल तर तारखेसकट लिहा: ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यात बंद केली, ४ मे २०२४ ला उठवली, तीही टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क लावून. मग एकच प्रश्न टाका, माल माझा, बाहेर घेणारा तयार, मग मधे नाही म्हणायचा हक्क कुणाचा? इथे लगेच उत्तर देऊ नका, लोकांना बोलू द्या. शहरातल्या गरिबाला कांदा महाग पडतो हा मुद्दा कुणीतरी काढणारच, तो टाळू नका, त्या गरिबाला मदत करायची तर सगळ्यांच्या पैशातून करा, एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून का, असं सरळ बोला.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हेच केलं. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली, स्वतः हिशोब मांडले आणि मग "भीक नको, हवे घामाचे दाम" एवढ्या एका ओळीत अख्खा विचार बसवला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं काम, १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आणि नंतरची लक्ष्मीमुक्ती, म्हणजे सरकारकडे मोकळीक मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी स्वतःच्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा.

हे विसरलात तर बाकी सगळं लिखाण वाया जाईल, मनापासून सांगतो. अडवणारं फक्त सरकार नसतं. जातपंचायत असते, भावकी असते, लग्न कुणाशी करायचं हे ठरवणारं घर असतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, त्यावर लिहा, विशेष विवाह कायद्यातल्या ३० दिवसांच्या नोटिशीवर लिहा, कारण पळून आलेल्या जोडप्यासाठी ते ३० दिवस फार लांब असतात. यावर गप्प बसून फक्त बाजारावर लिहिलंत तर बायका आणि दलित वाचक म्हणणारच की हे स्वातंत्र्य फक्त सातबारावाल्यांचं, आणि बरोबरच म्हणतील ते.

शहरात हातगाडीवाल्यांसाठी लिहिणार असाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा घ्या, त्यात शहर विक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले विक्रेते हवेत असं आहे. ते कलम सोप्या मराठीत जसंच्या तसं द्या, गाडी उचलायला आले की दाखवता आलं पाहिजे.

आता पाठवायचं कसं. पीडीएफ नको, कमी जागेच्या फोनवर लोक उघडतच नाहीत. जुन्या फॉन्टमधलं तर मुळीच नको, फोनवर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये टाईप करा, दोनदा बोट सरकवून संपेल एवढंच लिहा, आणि सोबत तेच वाचून दाखवणारा ऑडिओ द्या, कारण घरात वाचणारं एखादं पोरगं असतं आणि ऐकणारे चार जण. वाचनालयात आणि आठवडी बाजारात चिकटवायला एक पानी प्रिंट काढा. कुठल्याही पक्षाचं चिन्ह, नेत्याचा फोटो लावू नका, अर्धं गाव तिथेच तुटतं.

खाली तुमचा नंबर मात्र द्या आणि आलेल्या प्रश्नाला उत्तर द्या. "हमीभाव पण नको का मग?" हा प्रश्न हमखास येणार, पुढचं पान त्याच्यावरच लिहा.