क्वेडलिनबुर्गच्या जुन्या घरांसाठी एक वर्ष: युवा स्वयंसेवक म्हणून कसे जावे

जर्मनीतील हार्त्स डोंगररांगेच्या पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग नावाचे एक छोटे शहर आहे. जर्मन राजा पहिला हेन्री याचे ९३६ साली इथल्या टेकडीवर दफन झाले. त्याच वर्षी त्याची विधवा राणी माथिल्ड आणि मुलगा ओटो यांनी तिथे स्त्रियांचा मठ स्थापन केला. त्या मठाच्या आश्रयाने वाढलेल्या वस्तीत लाकडी चौकटीची दोन हजारांहून अधिक घरे आजही उभी आहेत. युनेस्कोने १९९४ साली मठाचे चर्च, टेकडीवरचा वाडा आणि जुने शहर यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पूर्व जर्मनीच्या काळात यांतील कित्येक घरे डागडुजीअभावी मोडकळीला आली होती. अशी घरे वाचवायला पैसा लागतोच, पण त्याहूनही अधिक गरज असते ती जुनी कामे जाणणाऱ्या हातांची.

हे हात तयार व्हावेत म्हणून १९९९ साली याच शहरात पहिली ‘युगेंडबाउह्यूटे’ सुरू झाली. मध्ययुगात मोठी चर्चे बांधणारे पाथरवट आणि सुतार ज्या ठिकाणी एकत्र काम करत आणि शिकत, त्या जागेला ‘बाउह्यूटे’ म्हणत. तीच कल्पना इथे वर्षभर स्वयंसेवक म्हणून काम करत शिकायला येणाऱ्या तरुणांसाठी नव्याने वापरली आहे. आज जर्मनीभर अशा पंधराहून अधिक शाखा आहेत. त्यांच्यामागे दोन संस्था आहेत. एक म्हणजे १९८५ साली स्थापन झालेले ‘डॉइचे श्टिफ्टुंग डेंकमालशुट्झ’ हे वारसा-संवर्धन प्रतिष्ठान, आणि दुसरी म्हणजे ‘ijgd’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, दुसऱ्या महायुद्धानंतर उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय युवा संघटना. अर्ज, करार आणि वर्षभराचे मार्गदर्शन या सगळ्या बाबतींत तुमचा संबंध मुख्यतः या युवा संघटनेशी येतो.

या वर्षाला जर्मन कायद्यात ‘ऐच्छिक सामाजिक वर्ष’ म्हणतात. शाळेचे सक्तीचे शिक्षण पूर्ण झालेल्या आणि सत्तावीस वर्षे पूर्ण न झालेल्या तरुणांना त्यात भाग घेता येतो. मात्र परदेशातून एकट्याने जाणाऱ्याने अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच जावे, असे माझे मत आहे. आर्किटेक्चरची पदवी किंवा सुतारकामाचा अनुभव लागत नाही. वर्ष साधारणपणे १ सप्टेंबरला सुरू होते. त्याच्या आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, तयारीला लागावे, कारण व्हिसाला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

सगळे स्वयंसेवक एकाच इमारतीवर राबतात असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. प्रत्येकाला एक कामाची जागा ठरवून दिली जाते. ती सुताराची किंवा पाथरवटाची कार्यशाळा असेल, जीर्णोद्धार करणाऱ्या कारागिराकडे असेल, पुरातत्त्व खात्यात असेल, नाहीतर स्मारक-संरक्षण कार्यालयातही असेल. वर्षाचा बहुतेक काळ तुम्ही तिथे पूर्णवेळ काम करता. कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत किमान २५ दिवसांचे प्रशिक्षण द्यावे लागते, आणि त्या आठवड्यांत सगळे स्वयंसेवक एकत्र येऊन बांधकामाच्या शैली, साहित्य आणि तंत्रे शिकतात. कार्यालयीन जागा आकर्षक वाटली तरी निवडीची संधी मिळाल्यास कार्यशाळाच मागावी, असे मी आग्रहाने सांगेन. कागदावरचे संवर्धन पुढे कुठेही शिकता येते. शंभर वर्षे जुन्या तुळईचा कुजलेला भाग किती कापायचा आणि कुठे थांबायचे, हे मात्र कसबी सुताराच्या शेजारी उभे राहूनच कळते.

तयारीचा सर्वात मोठा भाग भाषेचा आहे. नुसता परिचय करून देण्याइतके जर्मन येत असेल तर अर्ज करता येईल, पण काम करता येणार नाही. बी-वन, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतःहून करता येतील इतकी, पातळी गाठूनच निघावे. परांचीवर, म्हणजे बांधकामाच्या मचाणावर उभे असताना वरून कोणी ‘आख्टुंग’ (सावधान) असे ओरडले, तर शब्दाचा अर्थ आठवायला वेळ नसतो. ‘बाल्कन’ म्हणजे तुळया, ‘लेम’ म्हणजे चिकणमाती, ‘काल्क’ म्हणजे चुना, असे कामातले शे-दोनशे शब्द वेगळ्या वहीत लिहून पाठ करावेत. भाषेच्या वर्गात ते शिकवत नाहीत.

अर्जासोबत एक पत्र मागतात, आणि निवड करणारे तेच सर्वात बारकाईने वाचतात. ‘मला वारशाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असते, म्हणून त्याला वजन राहत नाही. तुम्ही स्वतः दुरुस्त केलेली एखादी खुर्ची, जवळून पाहिलेली एखादी जुनी भिंत, तिच्यात काय बिघडले होते आणि तुम्हाला काय समजले नाही, हे लिहा. न समजलेली गोष्ट प्रामाणिकपणे लिहिणारा अर्जदार शिकायला येतो आहे, हे वाचणाऱ्याला लगेच जाणवते. जर्मनीत स्थायिक होण्याचा मार्ग म्हणून हे वर्ष निवडत असाल, तर ते निवडू नका. अशाने तुमचे वर्ष वाया जाते आणि कामाची ओढ असलेल्या दुसऱ्या कोणाची तरी जागा जाते. अर्ज थेट संघटनेकडेच करावा. जागा मिळवून देतो म्हणून मोठी रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाची या प्रक्रियेत कुठेच गरज नाही.

निवड झाल्यावर स्वयंसेवक, संघटना आणि कामाची जागा यांच्यात लेखी करार होतो. कामाचे तास, रजा, खर्चासाठी दरमहा मिळणारी रक्कम आणि राहण्या-जेवणाची सोय आहे की नाही, हे सर्व त्यात वाचून मगच सही करावी. मिळणारी रक्कम म्हणजे पगार नव्हे; सोय नसेल तर घरभाडे कुठून येणार याचा हिशेब आधी मांडावा. आजारपण, अपघात आणि निवृत्तिवेतनाच्या सामाजिक विम्याचे हप्ते मात्र तुम्हाला भरावे लागत नाहीत. भारतीय नागरिकाने या कराराच्या आधारे जर्मन वकिलातीकडून राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा घ्यायचा असतो. त्याचे शुल्क ७५ युरो आहे. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, असा विचारही करू नये. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो, म्हणून तो किल्लीबरोबरच मागून घ्यावा.

पहिल्या आठवड्यांत बहुधा साधी दिसणारी कामे हाती येतात, आणि तीच मन लावून करावीत. लाकडी चौकटीच्या घरात तुळयांमधले चौकोन भरायला आधी उभ्या काठ्या बसवतात, त्यांत लवचीक फांद्या विणून कूड तयार करतात आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पेंढा मिसळलेली चिकणमाती थापतात. मातीत पाणी जास्त झाले तर ती वाळताना तडकते, कमी पडले तर कुडाला धरत नाही. मुठीत दाबलेला गोळा बोटांना फार न चिकटता आकार धरून राहिला की मिश्रण जमले. या जागी सिमेंट का वापरत नाहीत, हे विचारायला संकोच करू नका. माती आणि चुना ओल शोषून पुन्हा बाहेर सोडतात, तर सिमेंटच्या थरामागे ती अडकते आणि आतले लाकूड कुजते. घरे वाचवण्याच्या हेतूने केलेल्या कित्येक दुरुस्त्यांनीच त्यांचे नुकसान झाले आहे.

तुळयांच्या सांध्यांपाशी कोरलेल्या खुणाही पाहाव्यात. सुतार चौकट आधी जमिनीवर जुळवत, प्रत्येक लाकडावर रोमन आकड्यांसारखी खूण कोरत आणि मग तिच्या आधाराने ती जागेवर उभी करत. दुरुस्तीत अशी खूण असलेला भाग कापण्याआधी तिचे छायाचित्र काढून मोजमाप लिहून ठेवावे.

थंडी गोठणबिंदूच्या खाली गेली की बाहेरची माती-चुन्याची कामे थांबतात, कारण ओले मिश्रण गोठले तर ते सुटून पडते. मग कार्यशाळेतली कामे सुरू होतात. हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि घराची आठवण तेव्हाच जास्त येते. मन फार खचले तर संघटनेच्या मार्गदर्शकाशी बोलावे, त्यासाठीच ती व्यक्ती नेमलेली असते. काम किंवा वागणूक यांबाबत तक्रार असल्यास तीही तिथेच, वेळेवर आणि लेखी द्यावी.

वर्षाच्या शेवटी लेखी प्रमाणपत्र मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते निघण्याच्या दोन महिने आधी मागावे आणि त्यात ‘सहभाग घेतला’ एवढेच न लिहिता कोणत्या घरावर, कोणत्या साहित्याने, कोणते काम केले हे नोंदवून घ्यावे. पुढे सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी किंवा संवर्धनाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना समोरचा माणूस नेमकी हीच ओळ शोधतो.