घरी बेडूक पाळायचे आणि त्यांची पिल्लं काढायची तर आधी पाण्याचं बघा

बेडूक पाळायचा म्हटलं की लोक आधी काचेची टाकी बघतात, मग त्यात लावायच्या वेली, लाकडाचे तुकडे, लाईट वगैरे आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी. उलटं करा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांजवळच्या कातडीतून शोषून घेतो, श्वास पण काही प्रमाणात कातडीतूनच चालतो, त्यामुळे पाण्यात जे काय असेल, क्लोरीन, साबण, त्याची स्वतःची घाण, ते सगळं थेट अंगात जातं. बेडूक सांभाळणं म्हणजे ऐंशी टक्के पाणी सांभाळणं असं मी तरी समजतो.

नळाचं पाणी सरळ ओतायचं नाही. क्लोरीन असेल तर उघड्या पसरट भांड्यात दिवसभर ठेवलं की बराचसा उडून जातो, पण बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) घालतात आणि ते असं ठेवून जात नाही. त्यासाठी माशांच्या टाकीत वापरतात ते डीक्लोरिनेटर टाकायला लागतं, बाटलीवर क्लोरामीनचा उल्लेख आहे का तेवढं बघून घ्या. शुद्ध म्हणून नुसतं आरओचं पाणी बेडकाच्या भांड्यात भरू नका, त्यात क्षार जवळपास नसतातच. फवारायला मात्र ते चांगलं, काचेवर पांढरे डाग पडत नाहीत. भांड्यातलं पाणी रोज बदलायचं, कारण बेडूक हमखास त्यातच शी करतो आणि मग त्यातच बसून राहतो.

आता कोणता बेडूक. शेतातला किंवा डबक्यातला पकडून आणू नका. एक तर बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीर आहे, दुसरं म्हणजे बाहेरच्या बेडकाच्या अंगात जंत असतात, कायट्रिड बुरशी (बेडकांच्या कातडीला जीवघेणा रोग करणारी) असू शकते, आणि तो टाकीत आयुष्यभर काचेला नाक घासत बसतो. ब्रीडरकडे जन्मलेलाच घ्या, आणि ती जात तुमच्याकडे पाळायला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. उदाहरणार्थ आफ्रिकन क्लॉड फ्रॉगवर अनेक ठिकाणी बंदी आहे, कारण तो सुटला की तिथल्या तळ्यात ठाण मांडून बसतो.

नवीन माणसाला मी व्हाइट्स ट्री फ्रॉग सांगेन. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा हिरवा गुबगुबीत झाडबेडूक, ७ ते ११ सेंटिमीटर, स्वभावाने शांत, थोडीफार चूक सहन करणारा. पण १५ वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो हे लक्षात ठेवून घ्या. पॅकमॅन फ्रॉग हा नुसता मातीत रुतून तोंड उघडायची वाट बघणारा प्राणी, सांभाळायला सोपा, पण एका टाकीत एकच, दोन ठेवले तर एक दुसऱ्याला गिळतो, हे गमतीत सांगत नाहीये. पूर्ण पाण्यात राहणारा हवा असेल तर आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा. फायर बेलीड टोड दिवसा हिंडतो म्हणून बघायला मजा येते, पण त्याच्या कातडीतून सौम्य विष येतं, डोळ्याला हात लागला की कळतं, आणि त्याच्याबरोबर दुसरी कुठली जात ठेवायची नाही. लाल डोळ्यांचा तो फोटोतला बेडूक सगळ्यांना हवा असतो, पण तो नाजूक आहे आणि दिवसभर पानाला चिकटून झोपलेलाच दिसतो, पहिला म्हणून घेऊ नका.

टाकी झाडबेडकाला उभी लागते आणि जमिनीवरच्याला आडवी पसरट. व्हाइट्सच्या जोडीला ४५ बाय ४५ आणि उंची ६० सेंटिमीटर असं धरून चला. झाकण जाळीचं आणि घट्ट, बेडूक फटीतून कसा निसटतो ते बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. खाली नारळाच्या सालीचा भुसा किंवा शेवाळ टाका. बारीक खडे अजिबात नको, किडा पकडताना बेडूक खडा पण गिळतो आणि तो आतड्यात अडकतो. आत जाणारं लाकूड, पानं, प्लास्टिकची वेल सगळं गरम पाण्याने धुवायचं, साबणाने नाही.

तापमान: व्हाइट्सला दिवसा २४ ते २९ अंश सेल्सिअस, रात्री दोन-चार अंश कमी चालतं. फायर बेलीला १८ ते २४ मध्ये बरं वाटतं, ३० च्या पुढे गेलं की त्याचे हाल होतात. अंदाजाने चालू नका, थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारा मीटर दोन्ही लावा. रोज संध्याकाळी फवारा मारायचा, पण सकाळपर्यंत टाकी थोडी वाळली पाहिजे. सतत चिप्प ओली टाकी म्हणजे जिवाणूंची चंगळ, त्यातून मांड्या आणि पोट लालसर होतं आणि बेडूक काही दिवसांत जाऊ शकतो. असा लालसरपणा दिसला, किंवा बेडूक दिवसेंदिवस खात नाहीये, अंग वाकडं होतंय, तर घरगुती औषध करू नका, सरपटणारे आणि उभयचर बघणारा पशुवैद्य गाठा. मात्र बेडूक जांभया देतोय, अंग वळवतोय आणि तोंडात काहीतरी ओढून खातोय असं दिसलं तर घाबरू नका, तो जुनी कात टाकून स्वतःच खातो.

खाणं जिवंत आणि हलणारं लागतं. रातकिडे, डुबिया झुरळं (खाण्यासाठी वाढवतात ती जात), गांडुळं. बाहेरून किडे पकडून देऊ नका, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको हा नियम बहुतेक जातींना पुरतो. आणि किड्यांना आदल्या दिवशी गाजर, हिरवा पाला असं नीट खायला घाला, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. वरून कॅल्शियम आणि डी३ ची पावडर भुरभुरायची, पिल्लांना जवळजवळ प्रत्येक वेळी, मोठ्यांना आठवड्यातून एक-दोनदा. हे टाळलं की हाडं मऊ पडतात, जबडा लोंबायला लागतो, आणि ते पूर्ण बरं होत नाही. मल्टीव्हिटॅमिन पण अधूनमधून हवं, अ जीवनसत्त्व कमी पडलं तर जीभ चिकटत नाही, बेडूक नेम धरतो पण किडा सुटतो. मोठ्या व्हाइट्सला दोन-तीन दिवसांतून एकदाच खायला द्या. हा खादाड आहे, डोळ्यांवर चरबीच्या वळ्या यायला लागल्या की समजायचं लाड जास्त झाले.

हात लावायचा असेल तर कमीत कमी, डीक्लोरिनेट केलेल्या पाण्याने ओल्या केलेल्या हाताने, आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवायचे कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो. लहान मुलं घरात असतील तर हे जास्तच. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका.

पिल्लं काढायची असतील तर

सुरुवात शेवटाकडून करा. व्हाइट्सची मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते, कधी हजाराच्या पुढे पण जातात, आणि त्या प्रत्येकाला आधी पाणी, मग टाकी, मग अगदी बारीक जिवंत खाणं लागणार आहे. तेव्हा सगळ्यात आधी फ्रूट फ्लाय (फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्या) आणि रातकिड्यांची एकदम छोटी पिल्लं घरी वाढवता येतायत का ते करून बघा, ते जमलं तरच बेडकांना हात घाला. उरलेली अंडी किंवा पिल्लं बाहेरच्या तळ्यात सोडायची नाहीत, कधीच नाही, त्यांच्याबरोबर रोग बाहेर जातो आणि तिथल्या बेडकांची वाट लागते. नको असलेली अंडी पहिल्याच दिवशी फ्रीझ करून टाकणारे ब्रीडर आहेत, ऐकायला कसंतरी वाटतं पण शंभर पिल्लं उपाशी मारण्यापेक्षा ते बरं.

नर ओळखायचा कसा, तर तो मादीपेक्षा लहान, गळ्याखालची कातडी सैल आणि करडी, हंगामात अंगठ्यावर काळसर खरखरीत डाग येतो, आणि ओरडतो तो नरच. रात्रभर ओरडतो, टाकी झोपायच्या खोलीत ठेवताना विचार करा. दोघंही पूर्ण वाढलेले, भरलेल्या अंगाचे हवेत, विशेषतः मादी.

मग ऋतू बदलल्यासारखं भासवायचं. काही आठवडे तापमान थोडं उतरवायचं, फवारा कमी करायचा, खाणं थोडं कमी. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं. त्यानंतर पुन्हा ऊब वाढवायची, भरपूर खायला घालायचं आणि आठवडा-दोन आठवड्यांनी जोडी पावसाच्या टाकीत सोडायची. ही टाकी घरी करता येते: तळाशी दहाएक सेंटिमीटर पाणी, त्यात छोटा पंप, पंपाची नळी वर नेऊन भोकं पाडलेल्या पाईपला जोडायची म्हणजे वरून पाऊस पडत राहतो. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा नाहीतर अंडी आत ओढली जातात. बसायला फांद्या आणि पाण्यातून वर यायला उतार ठेवा. पाऊस संध्याकाळी सुरू करायचा, रात्रभर चालू. नर मादीच्या पाठीवर चढून काखेत घट्ट धरतो, असे ते तासन्‌तास राहतात, मधे मधे जाऊन टॉर्च मारू नका. काही रात्रीत काहीच झालं नाही तर जोडी परत मूळ टाकीत, आराम, खाणं, आणि नंतर पुन्हा बघायचं.

ड्वार्फ फ्रॉगला पावसाचं नाटक लागत नाही, पाणी एक-दोन अंश गरम केलं आणि खायला चांगलं दिलं तरी पुष्कळदा काम होतं. नराच्या पुढच्या पायामागे एक छोटा फुगीर ठिपका असतो त्यावरून ओळखायचा. ही जोडी गोल फिरत वर येते आणि उलटी होऊन पृष्ठभागावर अंडी सोडते, अंडी तरंगतात, ती चमच्याने लगेच काढून घ्या कारण आईबाप स्वतःच खाऊन टाकतात.

व्हाइट्सच्या बाबतीत अंड्यांना न हलवता मोठ्यांनाच बाहेर काढा. पांढरी पडलेली, कापसासारखी बुरशी धरलेली अंडी ड्रॉपरने उचलून टाकायची. ऊब असेल तर दोन-तीन दिवसांत टॅडपोल (बेडकाची पाण्यात राहणारी शेपटीवाली पिल्लं) बाहेर येतात आणि पहिले एक-दोन दिवस नुसते चिकटून पडून राहतात, पोटातला बलक संपेपर्यंत, तेव्हा काही खायला टाकू नका. पोहायला लागले की उकडलेला पालक किंवा लेट्यूस, स्पिरुलिना (सूक्ष्म शैवालाची पावडर), माशांच्या खाण्याची पावडर, अगदी चिमूटभर. ड्वार्फचे टॅडपोल मात्र शिकारी, त्यांना पाल्याचा काही उपयोग नाही, आधी पाण्यातले अतिसूक्ष्म जीव आणि मग नुकते फुटलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव) लागतात. इथेच बहुतेकांचं बारगळतं.

आणि परत पाणी. टॅडपोल खातात तितकंच घाण करतात, अमोनिया वाढला की सकाळी सगळे तळाशी. रोज किंवा दिवसाआड पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नवीन पाणी त्याच तापमानाचं, उरलेलं खाणं रोज काढा, फिल्टर लावलात तर हळू चालणारा स्पंज फिल्टरच. गर्दी केली तर वाढ खुंटते, त्यामुळे पाच टब लागले तर पाच लावा.

मागचे पाय आधी येतात, मग बरेच दिवस काहीच होत नाही असं वाटतं आणि मग एकदम पुढचे पाय बाहेर. त्या क्षणापासून पाणी उथळ करायचं आणि टब तिरका ठेवायचा. फुप्फुसाने श्वास सुरू झालेला असतो, चढायला जागा नसेल तर पिल्लू बुडून मरतं, हो, बेडूक बुडतो. ड्वार्फला बाहेर यायचंच नसतं, त्यांना फक्त उथळ पाणी द्या. शेपूट आटेपर्यंत पिल्लं खात नाहीत, शेपटीवरच जगतात, तेव्हा जबरदस्ती नको. काहींचे पुढचे पाय काडीसारखे बारीक निघतात आणि ती टिकत नाहीत. बऱ्याच पिल्लांना तसं झालं तर पुढच्या वेळी टॅडपोलचं खाणं, पाणी आणि आईबापांची जीवनसत्त्वं तिन्ही तपासा.

शेपूट गेली की छोट्या हवेशीर डब्यात ओल्या टिश्यू पेपरवर ठेवा, टिश्यू रोज बदला, कॅल्शियमची पावडर लावलेल्या फ्रूट फ्लाय रोज खायला द्या. सगळी पिल्लं एका वेगाने वाढत नाहीत, दर आठवड्याला मोठी आणि छोटी वेगळी करा, नाहीतर छोट्यांचे पाय चावले जातात. कोणाला द्यायची असतील तर नीट खाऊन दोनेक महिने झाल्यावरच द्या, आणि देताना काय खातात, किती तापमानात ठेवली होती ते कागदावर लिहून द्या.