ऑपरेशननंतरचा ताप आणि पडद्याखालचा पू : या चुका टाळा

फुटलेल्या अपेंडिक्सचं किंवा जठराच्या अल्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट गावी गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप यायला लागला. अशा वेळी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, म्हणजे श्वासपटलाखाली, पू साचला असण्याची शंका आधी घ्यावी. पेशंट आडवा असताना पोटातला दूषित द्रव याच खोलगट जागेत जमतो. बहुतेक वेळा उजवीकडे, यकृताच्या वर. प्लीहा काढल्यावर किंवा स्वादुपिंडाच्या आजारात डावीकडे. यकृतातला अमिबाचा गळू फुटूनही हे होतं.

गावात होणारी पहिली चूक म्हणजे विडाल (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली की टायफॉईड धरून सलाईन लावणं. ही तपासणी जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येते. अँटिबायोटिकने ताप चार दिवस दबतो, पू मात्र जागेवरच राहतो. ताप सहा-सहा तासांनी, गोळी देण्याआधी मोजून लिहून ठेवा. संध्याकाळी चढणारा आणि घाम येऊन उतरणारा आलेख कागदावर लगेच दिसतो.

सगळ्यात महागात पडते ती छातीची चूक. पडद्याची नस मानेतून निघते, म्हणून पू बरगडीखाली आणि दुखतो खांदा. सोबत उचकी, कोरडा खोकला, दम. एक्स-रेत पडदा वर सरकलेला, फुप्फुसाचा तळ दबलेला, बाजूला थोडं पाणी. मग कुणी न्यूमोनिया म्हणतं, तर कुणी नुसत्या पाण्यावर टीबीची औषधं सुरू करतं. त्यातच अंदाजाने सुई घालून पाणी काढलं तर आणखी पंचाईत : पडदा वर आलेला असतो, सुई थेट पुवात जाऊ शकते आणि छातीतही पू होतो. पाणी सोनोग्राफीत बघूनच काढावं.

एक्स-रे शक्यतो उभा करूनच काढा, नाहीतर हवा आणि द्रवाची आडवी रेषा दिसत नाही. पडद्याखाली नुसती हवा दिसली म्हणून घाबरू नका, पोट उघडल्यावर आठवडाभर ती राहू शकते. ती वाढत असेल तर गोष्ट वेगळी.

सोनोग्राफी उजवीकडे चांगली चालते. डावीकडे जठर-आतड्यातला गॅस आड येतो. त्यामुळे ‘नॉर्मल’ रिपोर्टवर तिथे थांबू नये, कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन केलेला) सिटी स्कॅन करावा. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघावं.

आंबेजोगाईला, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाताना बहुतेकांच्या पिशवीत फिल्मा असतात, ऑपरेशनची नोंद नसते. छातीच्या डॉक्टरला पोटावरचं ऑपरेशन कळतच नाही! डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट सोबत न्या, पोटात पू किती निघाला होता तेही विचारून घ्या.

निदान झालं की बहुधा स्कॅनमध्ये बघत बारीक नळी टाकून पू काढतात. तो कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) पाठवलाय ना, हे विचारा. ताप उतरला म्हणून नळी काढायची घाई नको, निचरा थांबून पोकळी मिटल्याचं पुन्हा स्कॅनमध्ये बघावं लागतं.